एमजीबी उभी करताना काय जपावं, काय फेकावं

जुनी एमजीबी दारात येऊन उभी राहिली की माणूस पहिल्याच रात्री सुट्या भागांचा कॅटलॉग उघडून बसतो. घोळ तिथूनच सुरू होतो. ब्रिटनमध्ये या गाडीचा स्क्रूपासून आख्ख्या बॉडीपर्यंत जवळजवळ सगळा माल आजही नवा मिळतो. मिळतो म्हणून मागवला जातो, आणि मागवला म्हणून बसवला जातो. काही वर्षांनी अंगणात उभी असते ती नव्या भागांची चकचकीत गाडी. जिच्यासाठी पैसे मोजले होते ती तोवर तुकड्यातुकड्यानं भंगारात गेलेली असते.

म्हणून या कामाचा माझा नियम असा आहे: गाडीवर आधीच असलेला भाग दुरुस्त होत असेल, तर बाजारातल्या कुठल्याही भागापेक्षा तोच मूळ. अपवाद रबराचा आणि ब्रेकचा. त्यांच्याकडे पुढे वळू.

ही गाडी ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनली. एमजीसी आणि व्ही-८ ही भावंडं धरली तर आकडा पाच लाखांच्या वर जातो. त्यातल्या निम्म्याहून जास्त गाड्या उत्तर अमेरिकेला गेल्या. कारखान्याला टाळं लागलं तरी गाड्या रस्त्यावर राहिल्या, आणि त्यांच्या जोरावर सुट्या भागांचा धंदाही. आजच्या एमजीच्या शोरूममध्ये मात्र जाऊ नका. ते नाव आता चिनी कंपनीकडे आहे आणि तिथल्या काउंटरवरचा मुलगा ‘कार्ब्युरेटर’ म्हटल्यावर तुमच्या तोंडाकडे बघत राहील. माल मिळतो तो क्लबांकडे, खास याच गाड्यांच्या दुकानांत आणि दर सप्टेंबरला हॅम्पशरमधल्या ब्यूलीला भरणाऱ्या जुन्या भागांच्या बाजारात.

पाना हातात घेण्याआधी कागद गोळा करा. बोनेट उघडलं की आतल्या पत्र्यावर चेसिस नंबरची पट्टी असते. नंबर जीएचएन या अक्षरांनी सुरू होत असेल तर ती उघड्या टपाची दोन सीटची गाडी, जीएचडी असेल तर मागे काचेचं दार असलेली जीटी. पुढचा आकडा ३, ४ किंवा ५ असतो, त्यावरून मालिका कळते. हा नंबर घेऊन वॉरिकशरमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे अर्ज करा. कारखान्याच्या नोंदवह्या तिथे जपून ठेवल्या आहेत. थोडी फी भरली की गाडी कधी बनली, इंजिनाचा नंबर काय होता, रंग आणि सीटचं कापड कोणतं होतं, कोणत्या देशाला पाठवली, याचा दाखला मिळतो. जोडीला अँडर्स क्लाउसागर यांचं ‘ओरिजिनल एमजीबी’ हे पुस्तक घ्या. कोणत्या वर्षी कोणता आरसा, कोणतं चाक, कोणतं स्टिअरिंग, हे त्यात बारकाईनं दिलेलं आहे. या दोन गोष्टींवर होणारा खर्च पुढच्या चुकीच्या खरेदीपेक्षा नक्कीच कमी असतो.

दाखल्यावरचा रंग गाडीवरही कुठेतरी शिल्लक असतो. दाराच्या आतलं पॅड काढा, डॅशबोर्डाच्या पाठीमागे बॅटरी मारून बघा. बाहेरून लाल दिसणारी गाडी आतून फिकट निळी निघणं ही रोजची गोष्ट आहे.

‘मूळ भाग’ म्हणून जे विकलं जातं त्यात एकाच दर्जाचा माल नसतो. सगळ्यात वर गाडीबरोबर आलेला भाग. त्याखाली त्या काळात बनलेला, पण डब्यातच पडून राहिलेला. व्यापारी याला ‘न्यू ओल्ड स्टॉक’ म्हणतात आणि त्याची किंमत तोंडाला येईल ती सांगतात. तिसरा, जुन्याच साच्यांवर आज दाबलेला पत्रा. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनं कारखान्याचे जुने डाय शोधून काढले आणि १९८८ साली एमजीबीची आख्खी बॉडी पुन्हा बाजारात आणली. तिचे मडगार्ड आणि दारं महाग पडतात, पण भोकं भोकांसमोर येतात. चौथा प्रकार नकलेचा. दिसायला तसाच, किंमत निम्मी, आणि बसवायला घेतल्यावर फटी जुळवता जुळवता डेंटिंगवाल्याचा आठवडा जातो. त्याची मजुरी मोजली की स्वस्ताई कुठच्या कुठे पळते.

आता पत्रा. इथे सावकाश चला, कारण एमजीबीचं मरण इंजिनात नाही, दाराखाली आहे.

या गाडीला वेगळी चेसिस नाही. बॉडीच सगळा भार पेलते, आणि उघड्या गाडीला वरून छताचा आधार नाही. त्यामुळे दोन्ही दारांखालून जाणाऱ्या सिलवर सगळी भिस्त. सिल म्हणजे बाहेरून दिसणारी एक पट्टी असं समजू नका. बाहेरचं सिल, त्याच्या आतला उभा पत्रा, मग आतलं सिल, आणि खालून ‘कॅसल रेल’ नावाचा पत्रा, अशी ती बंद पेटी असते. पुढच्या चाकानं उडवलेला चिखल मडगार्डाच्या मागच्या कोपऱ्यात साचतो, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यात मुरतं आणि पेटी आतून कुजते. बाहेर रंगाला एखादा फोड येतो, तोवर आत चाळणी झालेली असते.

बाहेरच्या सिलची दोन्ही टोकं मडगार्डांच्या मागे शिरतात. पुढचं मडगार्ड बोल्टवर असल्यानं काढता येतं. मागचं वेल्ड केलेलं असतं, त्याचा खालचा तुकडा कापावाच लागतो. ही कटकट टाळायला अनेक गॅरेजवाल्यांनी कुजक्या सिलवरच नवा पत्रा चढवून, कडेनं पुट्टी भरून, रंग मारून दिलेला असतो. अशी गाडी विकत घेताना फसायचं नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. दार बंद ठेवून जॅक त्या बाजूच्या ठरलेल्या जागी लावा आणि गाडी हळूहळू उचला. नजर दाराच्या मागच्या उभ्या फटीवर ठेवा. ती कमी-जास्त व्हायला लागली, किंवा गाडी उचललेली असताना दार अडकलं, तर पेटीत दम उरलेला नाही. आणि जॅकच आत घुसला तर किमतीची बोलणी नव्यानं सुरू करा.

सिल बदलताना घाई केलीत तर गाडी मधोमध वाकते आणि कायमची वाकते. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत बिजागरीकडच्या खांबापासून कुलपाकडच्या खांबापर्यंत लोखंडी नळी वेल्ड करा. आधार बॉडीच्या मधोमध देऊ नका. मागे ॲक्सलखाली आणि पुढे सस्पेन्शनखाली द्या, म्हणजे बॉडी रस्त्यावर उभी असते तशीच बसलेली राहील. एका वेळी एकच बाजू. नवी पेटी आधी क्लॅम्पवर धरा, दार लावा, नवं-जुनं मडगार्ड अंदाजानं अडकवा, फटी बघा. जुळल्या तर ठिकठिकाणी टाके मारा, पुन्हा दार लावून बघा, आणि मगच पूर्ण वेल्डिंग. दार जुळत नाही म्हणून दाराला ठोकणारे खूप असतात. दोष बहुतेक वेळा दारात नसून खालच्या पेटीत असतो. सगळं झालं की पाणी निघून जायची भोकं उघडी आहेत ना ते तपासा आणि रंग झाल्यावर आत मेण फवारा. कारखान्यात हे मेण नव्हतं, म्हणून ते अस्सल नाही, असं म्हणणाऱ्याला खुशाल म्हणू द्या.

दारावर तिकोनी छोट्या काचेच्या खाली, वरच्या कडेपासून निघालेली चीर दिसली तर घाबरू नका. ती या गाडीची जुनी खोड आहे. नुसती वेल्ड केली तर पुन्हा येते. आतून पट्टी लावून घ्या. सुरुवातीच्या गाड्यांना ॲल्युमिनियमचं बोनेट असायचं. चुंबक चिकटला नाही तर ते बोनेट जिवापाड सांभाळा, चेपलेलं असलं तरी.

इंजिन उघडण्याआधी ते उघडायची गरज आहे का ते बघा. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजा. गाडी गरम करून वेगात असताना ऑइलचं प्रेशर ५० ते ८० पौंडांच्या दरम्यान राहत असेल आणि धूर नसेल, तर बाहेरून स्वच्छ करा, गळती थांबवा आणि पुढच्या कामाला लागा. नुसत्या हौसेपायी चांगलं इंजिन खोलून रिबोअर करणारे लोक पाहिले की जीव कळवळतो.

भारतातल्या वाचकाला हे इंजिन वाटतं तितकं परकं नाही. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन ज्या ‘बी सीरिज’ घराण्यातलं, त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या पेट्रोल ॲम्बॅसडरमध्ये होतं, आणि १९५५च्या एमजीएमध्येही. ज्या मिस्त्रीनं आयुष्यभर ॲम्बॅसडरचे टॅपेट लावले, त्याला एमजीबीचं बोनेट उघडून दिलं तर शिकवावं लागत नाही. एक कार्ब्युरेटर जास्त दिसतो एवढंच. असा मिस्त्री तुमच्या गावात उरला असेल तर त्याला आधी गाठा.

त्या दोन एसयू कार्ब्युरेटरांबद्दल थोडं सविस्तर. गाडी थांबल्यावर आयडलिंग वरखाली होतं, स्क्रू फिरवून काही ठरत नाही, आणि मालक कंटाळून नवे कार्ब्युरेटर किंवा दुसऱ्याच जातीचा एक मोठा कार्ब्युरेटर बसवतो. खरं दुखणं बहुतेकदा थ्रॉटलच्या आडव्या दांड्यात असतं. वर्षानुवर्षं फिरून दांडा आणि त्याची भोकं झिजतात आणि तिथून फाजील हवा आत ओढली जाते. दांडा बोटांत धरून वरखाली हलवून बघा, खेळ लगेच जाणवतो. इंजिन चालू ठेवून तिथे हलकासा स्प्रे मारला आणि आवाज बदलला तर खात्रीच, पण गरम सायलेन्सरच्या पाइपावर ज्वालाग्राही स्प्रे उडणार नाही एवढं बघा. भोकं मोठी करून नवे बुश आणि नवा दांडा बसवला की तोच जुना कार्ब्युरेटर आणखी कित्येक वर्षं चालतो.

वरची घंटेच्या आकाराची टोपी आणि आतला पिस्टन यांची जोडी कारखान्यात एकमेकांशी जुळवलेली असते. डावीकडची टोपी उजवीकडे गेली तर पिस्टन अडखळतो. म्हणून खोलताना एका वेळी एकच कार्ब्युरेटर खोला आणि त्याचे भाग वेगळ्या ताटात ठेवा. आत पॉलिश पेपर लावू नका. पेट्रोलनं धुऊन फडक्यानं पुसा, बस.

इंजिन बाहेर काढताना ज्या एका गोष्टीवर जास्त पैसे बुडतात ती सांगतो. ऑइल प्रेशर आणि पाण्याचं तापमान एकाच तबकडीत दाखवणारा स्मिथ्सचा जुना मीटर असेल, तर त्याच्यापासून एक बारीक तांब्याची नळी थेट सिलिंडर हेडपर्यंत जाते. नळीत द्रव भरून ती कायमची बंद केलेली असते. हेडमधला नट गंजून नळीलाच धरून बसतो, पान्यानं नट फिरवला की नळीही पिळली जाते आणि तुटते. तुटली की मीटर मेला. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल घाला, नट पुढे-मागे थोडाथोडा हलवा, नळी फिरतेय का ते बघत राहा. ती सोडवल्याशिवाय इंजिनाला साखळी बांधू नका.

नट-बोल्टांचंही एक ध्यानात ठेवा. एमजीबीवर बहुतेक आटे यूएनएफचे आहेत आणि पाने इंचांतले: ७/१६, १/२, ९/१६. तेरा नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसतो, पण ढिला, आणि चार वेळा वापरला की नट गोल होतो. एमजीच्या जुन्या ‘टीसी’ गाडीच्या इंजिनात याहून मौज आहे, तिथे आटे मेट्रिक आणि वरची डोकी व्हिटवर्थची! ज्या कारखान्यात ती इंजिनं बनत तो मुळात फ्रेंच हॉचकिस कंपनीचा, म्हणून मशिनं मेट्रिक.

वायरिंग आणि इलेक्ट्रिकचा माल घेताना डब्याला भुलू नका. लुकासचं नाव आजही नव्या डब्यांवर छापलं जातं. खुणा डब्यावर नाही, भागावर शोधा. डायनॅमो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर यांच्या अंगावर बनल्याची तारीख बारीक ठशांत उमटवलेली असते. तुमच्या दाखल्यावर गाडी १९६६च्या मे महिन्यात बनल्याची नोंद असेल आणि डिस्ट्रिब्युटरवर त्याच्या थोडं आधीची तारीख निघाली, तर तो गाडीबरोबरच आला असण्याची दाट शक्यता. काचांचंही तसंच. कोपऱ्यातल्या ट्रिप्लेक्सच्या शिक्क्यात अक्षरांच्या वर-खाली ठिपके असतात, त्यांवरून तिमाही आणि वर्ष काढता येतं. काच चरे पडलेली असली तरी फेकण्याआधी दहादा विचार करा.

आणि याच डिस्ट्रिब्युटरच्या आत बसणारा रोटर मात्र चांगल्या जातीचा नवाच घ्या. बाजारातल्या स्वस्त रोटरांत पितळी पट्टी धरणारा रिव्हेट प्लॅस्टिकमधून इतका खोल जातो की गरम झाल्यावर ठिणगी प्लगला जायच्याऐवजी दांड्यात उतरते. गाडी सुरळीत चालता चालता भर रस्त्यात बंद पडते, थंड झाली की पुन्हा सुरू होते, आणि मालक पेट्रोल पंपापासून कॉइलपर्यंत सगळं बदलून बसतो. रिव्हेट नसलेला, लाल रंगाचा रोटर मिळतो, तो बसवा. डिकीत एक जादा ठेवा. १९६७च्या आधीच्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. आपल्या सवयीनं उलटी बॅटरी लावली तर नंतर बसवलेला रेडिओ जळालाच म्हणून समजा.

आता अपवाद. रबर आणि ब्रेक यांत जुन्याचा हट्ट धरणं म्हणजे जिवाशी खेळ. पन्नास वर्षं डब्यात राहिलेला व्हील सिलिंडर कितीही कोरा दिसो, त्याचं रबर कडक झालेलं असतं. तो संग्रहात ठेवा, गाडीत नको. ब्रेकचे होज, सील, कुलंटचे पाइप, सस्पेन्शनचे बुश सगळे नवे. ब्रेकच्या स्टीलच्या नळ्यांऐवजी तांबं-निकेलच्या घातल्या तर गंजाचा प्रश्नच मिटतो. त्यानं गाडीची अस्सलता गेली असं कुणी म्हणत असेल तर त्याच्या गाडीत बसू नका. टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी पूर्ण असली तरी दहा वर्षांपुढचे टायर बदला. तारांची चाकं असतील तर चाक काढून हबवरचे दाते बघा. दात्यांची टोकं सुरीसारखी धारदार झाली असतील तर हब आणि चाक दोन्ही बदला, कारण नव्या चाकाला झिजलेला हब लवकरच खातो.

पेट्रोलचा भाग वेगळा सांगायला हवा. ब्रिटनमध्ये शिसं घातलेलं पेट्रोल १९९९च्या शेवटी बंद झालं. जुन्या हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका शिशाच्या आधारावर टिकत होत्या. हेड खोललंच असेल तर कडक धातूच्या बैठका बसवून घ्या. २०२१पासून तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं, भारतात तर प्रमाण २० टक्क्यांवर गेलं आहे. जुन्या जातीचं रबर इथेनॉलनं सुजतं आणि तडकतं, आणि पेट्रोल टपकतं ते नेमकं गरम पाइपाच्या वर. इथेनॉल सोसणारे होज आणि पंपाचे पडदे मागवून घ्या. ब्रिटनमध्ये वरच्या दर्जाचं, ५ टक्क्यांचं पेट्रोल मिळतं; तेच भरा.

क्रोमचं काम अगदी शेवटी. लोखंडी बंपर जाड पत्र्याचे असतात, नव्या नकलांपेक्षा पुन्हा मुलामा दिलेले जुनेच सरस. दाराच्या मुठी, दिव्यांच्या बैठका मात्र जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव. त्यांना बारीक खड्डे पडले की मुलामा नीट धरत नाही, तिथे नव्याला पर्याय नाही.

१९७४च्या शरद ऋतूत अमेरिकी नियमांपायी काळे रबरी बंपर आले आणि गाडी इंचभराहून जास्त उंच झाली. या गाड्यांकडे बघून लोक नाकं मुरडतात आणि क्रोमचे बंपर लावून १९७६ची गाडी १९६८ची करतात. पैसा तुमचा, हौस तुमची. पण मूळ भागांचा आग्रह धरायचा आणि गाडीचं जन्मसालच पुसायचं, हे मला पटत नाही.

दुरुस्तीला भाग पाठवताना ‘बदली’ची पद्धत विचारून घ्या. शॉकॲब्सॉर्बर, गिअरबॉक्स, डायनॅमो यांत दुकानदार तुमचा जुना ठेवून घेतो आणि दुसऱ्या गाडीचा दुरुस्त केलेला देतो. काम लवकर होतं, पण तुमच्या गाडीचा नंबर असलेला भाग गेला तो गेला. ‘माझाच दुरुस्त करून परत हवा’ असं लेखी सांगा. थोडे जास्त दिवस लागतील. आणि गाडी पूर्ण होऊन रस्त्यावर धावेपर्यंत एकही जुना तुकडा टाकू नका. नवा भाग कसा बसायचा हे बऱ्याचदा त्या कुजक्या तुकड्यावरूनच कळतं.

कायद्याचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये ४० वर्षांपुढच्या गाडीला रस्ताकर नाही आणि मोठे फेरफार केलेले नसतील तर दरवर्षीची एमओटी तपासणीही नाही. सूट असली तरी काम झाल्यावर एकदा तपासणी करून घ्या. परक्या नजरेला आपल्या चुका दिसतात. भारतात जुलै २०२१च्या नियमानुसार ५० वर्षांपुढच्या, मूळ रूपात असलेल्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी होते, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केला तर ही नोंदणी अडते, हे लक्षात ठेवून कामाचे फोटो तारखेसह ठेवा.

गाडी चालू झाली की पहिले काही शे मैल सावकाश चालवा. मग इंजिन थंड असताना हेडचे नट कारखान्याच्या पुस्तकातल्या क्रमानं पुन्हा कसा. हेड कसलं की टॅपेटची फट बदलते, म्हणून तीही त्याच दिवशी लावा: थंड इंजिनाला ०.०१५ इंच, इंजिन १८व्ही मालिकेचं असेल तर पुस्तकातला आकडा बघा. कोणता व्हॉल्व्ह केव्हा लावायचा यासाठी नऊची बेरीज धरा. पहिला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना आठवा लावायचा, तिसरा उघडा असताना सहावा, पाचवा उघडा असताना चौथा. आठही झाले की झाकणाखाली नवं गॅस्केट घाला आणि वरचे दोन नट जेमतेम आवळा. जास्त आवळले की झाकण वाकतं आणि तेल तिथूनच झिरपतं.